मशीन कंत्राटदाराचं, वीज आपली. मग मधली वायर कोणाची?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. विषय पाणी, पार्किंग किंवा खड्ड्यांचा नाही. पण सार्वजनिक आहे, आणि आपल्या प्रत्येकाच्या दारातला आहे.

सारसोळे गावठाणात फिरा, नाहीतर नेरुळ सेक्टर ६ च्या कुठल्याही सोसायटीत जा. वर्षाचे बारा महिने कुठे ना कुठे काम चालूच असतं. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये लाद्या बदलतायत, बाथरूमची गळती काढतायत, ओटा तोडतायत. गावठाणात वरचा मजला चढतोय, जिन्याला रेलिंग बसतंय, पत्र्याची शेड उभी राहतेय. ब्रेकरचा धडधडाट आणि कटरची किंचाळी आपल्या कानांच्या सवयीची झालीय.

सोसायटीत असं काम काढायचं तर अर्ज द्यावा लागतो. त्यात काय काय असतं? डिपॉझिट भरा. डेब्रिज दोन दिवसांत उचला. दुपारी आवाज नको. लिफ्टमधून सिमेंटच्या गोण्या नेऊ नका. कामगारांची आधार कार्डं जमा करा. सगळं बरोबर आहे, पाहिजेच. पण ते ब्रेकर ज्या वायरवर चालणार आहे, ती वायर कसली, हे एकही सोसायटी विचारत नाही.

आणि ती वायर कशी असते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लाकडी फळीवर ठोकलेले दोन सॉकेट, एक फुटलेला स्विच. मागून निघालेली बारीक दोन पदरी वायर, तिला चार ठिकाणी काळी टेप. दुसऱ्या टोकाला थ्री पिन टॉप असला तर नशीब. बऱ्याचदा नसतोच, दोन तारा सोलून सॉकेटच्या भोकात घातलेल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून वरून माचिसची काडी खोचलेली. ही वायर ओल्या बाथरूममधून, जिन्यावरून, कधी गल्ली ओलांडून समोरच्या घरापर्यंत जाते. वरून स्कूटर जाते, पोरं उड्या मारून जातात.

माझं म्हणणं असं आहे की घरदुरुस्तीच्या सगळ्या कामात सगळ्यात धोकादायक वस्तू ब्रेकर नाही, कटरही नाही. ती ही मधली वायर आहे. आणि ती धोकादायक आहे याचं कारण नुसतं अज्ञान नाही. ती कोणाचीच नसते, हे खरं कारण आहे. मशीन कंत्राटदाराचं, ते तो जपतो. वीज घरमालकाची, तिचं बिल तो भरतो. मधल्या वायरवर कोणी पैसा घालायचा, यावर कोणी बोलतच नाही. मग नाक्यावरून आलेला कामगार कुठून तरी एक तुकडा जोडून आणतो आणि त्याच्या भरवशावर सगळ्यांचं काम चालतं.

आधी हिशेब समजून घेऊ

खाडीवर होडी बांधायला कोणी सुतळी वापरत नाही. होडी केवढी, ओढ किती, त्यावर दोराची जाडी ठरते. आपल्या कोळी बांधवांना हे शिकवावं लागत नाही. विजेच्या वायरीचं तेच आहे. मशीन जितकं मोठं, तितका प्रवाह जास्त. आणि वायर जितकी लांब, तितकी ती जाड हवी. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात.

मशीनच्या पाठीवर छोटी पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला २३० ने भागा, साधारण अँपिअर मिळतात. घरातलं साधं ड्रिल ५०० ते ८०० वॅटचं, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. लादी कापायचा कटर १,२०० ते १,४०० वॅटचा, म्हणजे पाच-सहा अँपिअर. तोडफोडीचा मोठा ब्रेकर दीड-दोन हजार वॅटचा. लोखंड कापायचं १४ इंची मशीन तर २,००० च्याही वर, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. आणि मोटर सुरू होते त्या क्षणी याच्या काही पट प्रवाह खेचते.

आता वायर. दुकानात आपण 'एक एमएम', 'दीड एमएम', 'अडीच एमएम' म्हणतो, ते तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. ०.७५ ची तांब्याची लवचीक वायर एक किलोमीटर घेतली तर तिचा रोध सुमारे २६ ओहम. दीडची १३.३, अडीचची जेमतेम ८, चारची ५ च्या आसपास.

३० मीटरची ०.७५ ची वायर घ्या. वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी ६० मीटर धरायची. रोध झाला दीड ओहमच्या थोडा वर. त्यातून १० अँपिअरचं मशीन चालवलं तर वाटेतच १५-१६ व्होल्ट गळतात. आणि त्या वायरीत सुमारे १५६ वॅट उष्णता तयार होते. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आठवतो? पेटलेला असताना हात लावला की भाजायचं. तसे दीड बल्ब त्या वायरीत जळत असतात. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत जाते. पण आपल्याकडे वायर जास्त झाली की गुंडाळी करून कोपऱ्यात टाकतात, वर सिमेंटची रिकामी गोणी. मग ती उष्णता जाणार कुठे? आधी प्लास्टिक मऊ होतं, मग दोन तारा एकमेकींना भिडतात.

तेच मशीन, तेच ३० मीटर, पण वायर अडीचची घेतली तर गळती पाच व्होल्टच्या आत आणि उष्णता ४८ वॅट. फरक एवढा मोठा आहे.

ही गळती मशीनलाही खाते. व्होल्टेज कमी मिळालं की मशीन दमतं. कारागिराला वाटतं ब्लेड बोथट झालं, तो आणखी जोर लावतो. वेग पडला की मशीनच्या आतला थंड करणारा पंखाही हळू फिरतो, वाइंडिंग तापतं, जळकट वास येतो. दुपारी मशीन बसतं. मग 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणून दुकानदाराला शिव्या. ज्या कारागिराने वायरीचे पैसे वाचवले, त्याचा एक दिवसाचा रोज आणि मशीनच्या दुरुस्तीचा खर्च त्याहून जास्त जातो. तेव्हा वायर चांगली घेणं ही चैन आहे, असं कोणी म्हणत असेल तर त्याने हा हिशेब मांडून बघावा.

'एमसीबी आहे ना, पडेल की'

हे वाक्य सुशिक्षित लोकांकडून जास्त ऐकू येतं. म्हणून थोडं सविस्तर.

पॉवर पॉइंटवर साधारण १६ किंवा २० अँपिअरची एमसीबी असते. ती भिंतीतल्या जाड वायरीची राखण करते. तुम्ही त्या सॉकेटला सहा अँपिअर झेपणारी बारीक वायर लावलीत आणि तिच्यातून बारा अँपिअर ओढलेत, तर एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. तिला १६ पर्यंत परवानगी आहे. ती पडणारच नाही. तोवर तुमची वायर वितळून जाईल.

ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लगच्या आत छोटा फ्यूज असतो, तो त्या पुढच्या वायरीचं रक्षण करतो. आपल्या प्लगमध्ये तो नसतो. म्हणून आपल्याकडे वायरीची जाडी हाच एक फ्यूज समजा. ती निवडताना चुकलात तर मध्ये थांबवणारं कोणी नाही.

दुसरं, एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. तिचं ते कामच नाही. माणसाच्या अंगातून अर्धा अँपिअर जरी गेला तरी माणूस जातो, आणि एमसीबीला अर्धा अँपिअर म्हणजे एक छोटा मिक्सर चालू झाल्यासारखं वाटतं. शॉकसाठी वेगळं यंत्र लागतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे ते सतत मोजतं. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, वीज जमिनीत जातेय, की सेकंदाच्या छोट्या हिश्श्यात पुरवठा तोडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर पडलं नाही तर यंत्र बदलायचं. मात्र कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही कळत नाही, एवढं लक्षात असू द्या. म्हणून उघड्या तारांना माफी नाही.

आपल्या कित्येक जुन्या घरांत हे यंत्र नाहीच. म्हणून माझा आग्रह असा की ज्या बोर्डावर मशीन चालतं, त्या बोर्डातच ते बसवलेलं असावं. मग घर कुठलंही असो, जुनं असो की नवं, संरक्षण मशीनबरोबर फिरतं.

तिसरी तार आणि खाडीची हवा

थ्री पिनमधली वरची जाड पिन म्हणजे अर्थिंग. मशीनच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायला वाट देणारी तार. ही पिन आपण सगळ्यात आधी तोडतो, कारण ती सॉकेटमध्ये जात नाही. किंवा वायरच दोन पदरी असते, म्हणजे अर्थिंगचा प्रश्नच मिटला.

यावर एक उत्तर येतं: 'ड्रिलला तर कंपनीच दोन पिनचा प्लग देते.' खरं आहे. ज्या मशीनवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं, त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, त्याला अर्थिंग लागत नाही. पण त्याच बोर्डावर उद्या पाण्याचा पंप लागतो, परवा स्लॅबचा व्हायब्रेटर लागतो. त्यांना अर्थिंग लागतंच. बोर्डाला माहीत नसतं आज त्याच्यावर काय लागणार आहे. म्हणून बोर्डाची वायर नेहमी तीन पदरीच हवी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. पाम बीच रोडच्या पलीकडे खाडी, खारफुटी. हवेत ओल आणि खार. पितळी पिना हिरव्या पडतात, स्क्रू गंजतात, सॉकेटच्या आतल्या पत्त्या सैल होतात. सैल जोड म्हणजे ठिणगी आणि ठिणगी म्हणजे उष्णता. पुण्यात जो बोर्ड पाच वर्षं टिकेल तो इथे तेवढा टिकेलच असं नाही. पावसाळ्यात तर जिन्यावर पाणी, गच्चीत पाणी, आणि टेप लावलेला जोड बरोबर त्या पाण्यात. काळी टेप पाणी अडवत नाही, मंडळी. ती फक्त जोड डोळ्याआड करते.

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं जातात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. त्यात शेतातले पंप आहेत, तुटलेल्या तारा आहेत, आणि असे बोर्डही आहेत. पेपरात दोन ओळींची बातमी येते, 'विजेच्या धक्क्याने मजुराचा मृत्यू'. आम्ही पत्रकार तेवढंच छापतो. वायर किती एमएमची होती, अर्थिंग होती का, बोर्ड कोणी आणला होता, हे त्या दोन ओळींत कधीच नसतं. हे आमच्या धंद्याचंही अपयश आहे.

मग घ्यायचं काय?

दुकानात जाऊन 'एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड द्या' एवढंच म्हटलं तर दुकानदार टीव्ही-कॉम्प्युटरचा स्पाइक गार्ड हातात ठेवेल. तो मशीनसाठी नाही. हे विचारा:

१. वायर तीन पदरी, तांब्याची, आयएसआय मार्क असलेली. वायरीसाठी मानक आयएस ६९४, प्लग आणि सॉकेटसाठी आयएस १२९३. हे आकडे वायरीवर, प्लगवर छापलेले असतात; वाचून घ्या.

२. जाडी: ड्रिल, छोटा ग्राइंडर, लादीचा कटर अशा सहा अँपिअरपर्यंतच्या मशीनला ३० मीटरपर्यंत दीड एमएम चालेल. ब्रेकर, १४ इंची कटर अशा मशीनला ३० मीटरपर्यंत अडीच. त्याहून लांब, ५० मीटरपर्यंत न्यायची असेल तर चार एमएम. शंका आली तर एक पायरी जाड घ्या, कधीच बारीक नाही.

३. मोठ्या मशीनला १६ अँपिअरचा प्लग आणि १६ अँपिअरचंच सॉकेट. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये घालायला मिळणारा तो पांढरा ठोकळा मोबाइलच्या चार्जरला ठीक, ब्रेकरला नाही.

४. बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आणि वायरीच्या ताकदीची एमसीबी, दोन्ही. पेटी लाकडाची नको. बंद, पाण्याचे शिंतोडे न जाणारी हवी.

५. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते. वजनाला हलकी, भावाला स्वस्त. तार ब्लेडने खरवडा; आत पांढरी चमक दिसली की परत करा. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि वारंवार वाकवली तर ती लवकर तुटते.

६. रिळावरची वायर असेल तर वापरताना पूर्ण उलगडा, काम दोन मीटरवर असलं तरी. आणि एका बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं मालगाडीसारखं जोडू नका. लांबी कमी पडतेय तर लांब वायर घ्या.

७. कामाच्या मध्ये वायरीवरून हात फिरवा. कोमट लागली तर लक्ष ठेवा, गरम लागली तर काम थांबवा. प्लग गरम लागत असेल तर आतला जोड सैल आहे.

वेल्डिंग मशीन या यादीत मुद्दाम घेतलं नाही. ते कितीतरी जास्त प्रवाह खेचतं. त्याला घरातल्या सॉकेटवर बोर्ड लावणं हा उपायच नाही. लायसन असलेल्या वायरमनकडून वेगळी लाइन घ्या.

आता मुद्दा जबाबदारीचा

हे सगळं माहीत झालं तरी प्रश्न उरतोच: पैसे कोणी घालायचे?

घरमालक म्हणतो, मी कंत्राट दिलंय, हत्यारं त्याची. कंत्राटदार म्हणतो, मी लादीचा चौरस फुटाचा भाव घेतलाय, त्यात बोर्ड धरलेला नाही. सोसायटी म्हणते, फ्लॅटच्या आतलं आम्हाला माहीत नाही. आणि ज्याच्या हातात ते मशीन आहे, तो काही म्हणतच नाही. तो नाक्यावर सकाळी उभा असतो. 'ही वायर खराब आहे, मी काम करणार नाही' असं म्हणायची त्याची टाप नाही, कारण त्याच्या मागे आणखी दहा जण उभे आहेत.

कायदा कागदावर आहे. १९९६ साली केंद्राने बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, बांधकाम खर्चावर उपकर बसवला. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. पण त्यात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या घरी, रोज वेगळ्या मुकादमाकडे काम करणाऱ्याला तो दाखला कोण देणार? कामावर मृत्यू झाला तर भरपाई द्यायचा कायदा तर १९२३ पासून आहे. पण ज्याची कुठेच नोंद नाही, त्याच्या बायकोने भरपाई कोणाकडे मागायची?

विजेचा अपघात झाला तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते. निष्काळजीपणामुळे मृत्यू म्हणून गुन्हाही दाखल होतो. पूर्वीचं कलम ३०४-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मात्र हे सगळं माणूस गेल्यानंतरचं. मला आधीचं बोलायचंय.

बाहेर काय करतात बघा. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागी पिवळ्या रंगाचा एक ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० चे ११० व्होल्ट करतो, आणि तेही अशा रीतीने की जमिनीच्या तुलनेत फक्त ५५ व्होल्ट राहतात. वायर कापली गेली तरी माणूस सहसा वाचतो. अमेरिकेत बांधकामाच्या ठिकाणी आरसीसीबीसारखं यंत्र लावा, नाहीतर अर्थिंगच्या तपासणीची लेखी पद्धत ठेवा, असा नियम आहे. म्हणजे तिथे कामगाराच्या हुशारीवर विसंबून राहत नाहीत. तो दमलेला असेल, घाईत असेल, नवखा असेल, हे गृहीत धरूनच व्यवस्था करतात.

आपल्याकडे लगेच पिवळे ट्रान्सफॉर्मर येणार नाहीत. पण तीन गोष्टी याच वर्षी करता येतील, आणि त्यासाठी कुठल्या मंत्र्याची गरज नाही.

पहिली: सोसायटीच्या दुरुस्तीच्या परवानगी पत्रात एक ओळ वाढवा. 'मशीनसाठी तीन पदरी, आयएसआय वायरचा, आरसीसीबी असलेला बोर्ड वापरणे बंधनकारक. पहिल्या दिवशी वॉचमन किंवा कमिटी सदस्याला दाखवणे.' फोटो काढून अर्जाला लावला तरी पुरे. सप्टेंबरअखेर बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. पार्किंगवर तीन तास भांडतो आपण, यावर दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

दुसरी: सोसायटीने, गावातल्या मंडळाने असा एक बोर्ड स्वतःच विकत घ्यावा. अडीच एमएम, ३० मीटर, आरसीसीबीसकट. काही हजार रुपयांचं काम आहे. ज्याचं काम निघेल त्याने डिपॉझिट भरून न्यावा, परत करताना वायरमनने बघून घ्यावा. आपल्या गावात लग्नाची भांडी, खुर्च्या, मांडवाचं सामान असं सामाइक ठेवायची पद्धत नवी नाही. हळदीला, गणपतीला, नवरात्रीला याच बोर्डाचा उपयोग होईल. महावितरण दरवर्षी गणेशोत्सवाआधी मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, वायरी तपासा म्हणून सांगतं. त्या आवाहनाचा फोटो ग्रुपवर फिरतो, आणि वायर तीच गेल्या वर्षीची.

तिसरी: नवी मुंबई महापालिकेने बांधकामाची परवानगी देताना आणि विभाग कार्यालयाने मांडवाची परवानगी देताना हीच अट छापावी. जी कामं पालिका स्वतः ठेकेदाराकडून करून घेते, गटार, फुटपाथ, शाळेची डागडुजी, तिथे तर ही अट निविदेतच हवी. रस्त्यावर पालिकेच्या नावाचा फलक आणि त्याखाली माचिसची काडी खोचलेला बोर्ड, हे चित्र आपल्याला शोभत नाही.

'पण गरजेपोटीच्या घरांचं काय?'

हा प्रश्न येणार, म्हणून आधीच बोलतो. ९५ गावांच्या जमिनी घेऊन सिडकोने हे शहर वसवलं. गावठाणाला वाढायला जागा ठेवली नाही, म्हणून भूमिपुत्रांनी गरजेपोटी घरं बांधली. ती नियमित करायचा प्रश्न अजून लोंबकळतोय. अशा वेळी काही जणांना वाटतं, वायरीचे नियम आले की अधिकाऱ्यांना आणखी एक निमित्त मिळेल, गावातल्या माणसालाच छळतील.

ही भीती मी खोटी म्हणणार नाही. अनुभव तसेच आहेत. म्हणूनच मी आधी पालिकेचं नाव घेतलं नाही, मंडळाचं आणि सोसायटीचं घेतलं. पण एक विचार करा. घर कागदावर अधिकृत असो नसो, त्यातून वाहणारी वीज तेवढीच खरी आहे. चिंचोळ्या गल्लीत आग लागली तर बंब आत यायला वेळ लागतो. म्हणजे चांगल्या वायरीची गरज टॉवरपेक्षा गावठाणाला जास्त आहे. हक्काच्या घरासाठी भांडायचं आणि त्याच घराच्या जिन्यावर टेप लावलेली वायर पडू द्यायची, हे जुळत नाही.

दुसरा आक्षेप कारागिरांचा. 'साहेब, आधीच भाव मिळत नाही, त्यात हा खर्च.' बरोबर आहे. म्हणून हा खर्च त्याच्यावर टाकूच नका. ज्याच्या घरात काम आहे त्याने करावा. आपण लादी निवडायला वाशीपासून पनवेलपर्यंत चार दुकानं फिरतो. नळाच्या तोटीवर हजारो रुपये घालतो. ती लादी बसवणाऱ्या माणसाच्या जिवासाठी एक वायर आपल्या बजेटमध्ये बसत नाही, असं कोणी माझ्या तोंडावर सांगावं.

'बॅटरीची मशीनं आलीत, वायर जाईलच आता' असंही काही जण म्हणतात. ड्रिलपुरतं ते बऱ्याच ठिकाणी झालंय. पण आपल्या गल्लीत लादी तोडायला अजून वायरीचाच ब्रेकर येतो, आणि तो लगेच जाणार नाही.

शेवटी एक उपयोगाचं. कोणाला शॉक लागून तो चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, प्लग ओढा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबवू नका. रस्त्यावरची लाइन तुटली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणच्या १९१२ वर कळवा.

तुमच्या बिल्डिंगीत आज काम चालू असेल तर एवढंच करा: खाली उतरा, बोर्ड बघा. दोन पदरी वायर असेल, तारा नुसत्या खोचलेल्या असतील, तर त्या कामगाराला ओरडू नका. घरमालकाची बेल वाजवा. वायर त्याची आहे, हे त्याला सांगा. आणि मालक तुम्हीच असाल, तर बेल वाजायची वाट बघू नका.

ही पोस्ट आपापल्या सोसायटीच्या आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका. पटलं नाही तर तसंही सांगा, बोलू आपण.